बाईंच्या पट्टीतला ऑटोहार्प

"आतडी बाहेर काढलीत की हो त्याची," बाई म्हणाल्या.

फिटरला ते ऐकू आलं नाही. खिडकीजवळच्या टेबलावर ऑटोहार्प उताणा ठेवून, जीभ दातांत धरून तो एका खुंटीशी झटत होता. टेबलावर, खुर्चीवर, खिडकीच्या कठड्यावर काढलेल्या तारांची वेटोळी पडली होती. बाईंनी उशाजवळचा नॅपकिन हवेत हलवला, तेव्हा कुठे त्याने मान वर केली. बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, ओठ नीट हलवून.

"आतडी नाहीत ही," फिटर म्हणाला, "फुकटे भाडेकरू आहेत. आता कामाला लावतोय एकेकाला."

कानांनी दगा दिलेल्या माणसासारखा तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलत असे. भिंतीपलीकडच्या शिंपीणबाईंना त्यामुळे या घरातला अर्धा संसार तोंडपाठ होता. बाईंचा अर्धा मात्र त्यांना अंदाजाने भरावा लागे.

तो गिरणीत मागांचा फिटर होता, म्हणून सगळी वसाहत त्याला फिटर म्हणायची. त्या बालवाडीत शिकवायच्या, म्हणून त्या बाई. त्याला अरे-तुरे करणारी माणसंही बाईंना अहो-जाहो करत, आणि याचा फिटरला राग नव्हता, उलट अभिमानच होता. लग्नानंतर काही दिवस त्याने बायकोला नावाने हाक मारून पाहिली होती. पण रस्त्यात भेटणारं प्रत्येक पोर "बाई, बाई" करत तिच्या अंगाला झोंबायचं, तेव्हा तोही गमतीने बाई म्हणू लागला आणि गमतीची सवय झाली.

ऑटोहार्प बालवाडीचा. बाई निवृत्त झाल्या तेव्हा नवीन शिक्षिकेला तो नको होता. तिच्याकडे बटण दाबलं की गाणी वाजवणारा डबा होता. म्हणून बाईंनी तो घरी आणला. सपाट खोक्यासारखं वाद्य, वर छत्तीस तारा, आणि तारांवर आडव्या दांड्या. दांडीच्या पोटाला फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे चिकटवलेले. एक दांडी दाबली की नको त्या तारांवर फेल्ट बसतं, त्या गप्प होतात आणि उरलेल्या तारांवरून नख फिरवलं की गाण्यामागे हवे ते सूर एकदम उमटतात. वाजवायला सोपं, म्हणून बालवाडीला बरं. एका हाताने दांडी दाबायची, दुसऱ्याने छेडायचं, आणि तोंड गायला मोकळं.

बाईंचं एक गाणं होतं. शाळा सुटताना म्हणायचं, त्यांनीच रचलेलं:

दप्तर झालं, डबा झाला,
दारात बघा कोण आला.
रडत आले ते हसत चला,
उद्या सकाळी लवकर या.

गाणं म्हणून त्यात काही मोठी कलाकुसर नव्हती. पण पहिली पाळी संपवून फिटर बालवाडीवरून घरी यायचा, तेव्हा नेमकी शाळा सुटत असायची आणि तो फाटकापाशी सायकल टेकवून ते ऐकायचा. मागांच्या धडधडीतून बाहेर आल्यावर कानावर पहिलं जे काही पडायचं, ते हे गाणं. पुढे गिरणीने कान खाल्ले. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटा, मग माणसं. कानाचं यंत्र घेऊन झालं. ते घातलं की भांडी तोफेसारखी वाजायची आणि माणसाचं बोलणं होतं तिथेच राहायचं. ते खणात गेलं. फिटर ओठ वाचायला शिकला. बाईंचे ओठ तर त्याला छापील पुस्तकासारखे वाचता येत.

आता बाईंच्या फुप्फुसात दुखणं शिरलं होतं. डॉक्टरांनी किती दिवस ते सांगितलं नाही, पण पुढच्या तपासणीची तारीखही दिली नाही. त्यातून काय ते समजायचं. लेकीने समजून घेतलं, बाईंनी समजून घेतलं. फिटरने त्या दिवशी घरी येऊन ऑटोहार्प माळ्यावरून खाली काढला, पुसला आणि बाईंच्या हाताशी ठेवून म्हणाला, "वाजव." बाईंनी दांडी दाबून छेडला. फिटरने कान खोक्याला लावला. दूर कुठेतरी कुणीतरी चमचा पाडल्यासारखं काहीतरी झालं, एवढंच.

त्याला एकच गोष्ट हवी होती. बाई आहेत तोवर ते गाणं एकदा ऐकायचं. पुरतं नाही, अर्धंमुर्धं चालेल, पण कानाने.

मग तो त्याच्या मागे लागला. फिटर एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की भुंगाच. वाद्यांच्या दुकानात जाऊन त्याने दुकानदाराचं डोकं खाल्लं, लेकीला मोबाइलवर चित्रफिती शोधायला लावून त्यांच्याखालच्या ओळी वाचल्या, आणि चार दिवसांत त्याला मर्म सापडलं. ऑटोहार्पवर सगळ्या बारा सुरांच्या तारा असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता यावं. पण गाणं एका पट्टीत असलं की त्याला सातच सूर लागतात. बाकीच्या तारा नुसत्या बसून. त्या बसलेल्या तारा शेजारच्या कामाच्या सुराला चढवायच्या किंवा उतरवायच्या, म्हणजे एकेका सुराला दोन-दोन तारा. दोन तारा एका सुरात एकदम वाजल्या की आवाज दुप्पट होत नाही, भरतो. सगळी फेल्टं मात्र नव्याने कापावी लागतात. आणि एकदा कापली की वाद्य त्या पट्टीला बांधलं गेलं. आज ही, उद्या ती, असं पुन्हा करता येत नाही.

दुकानदाराने तार देताना वहीच्या मागच्या पानावर लिहून विचारलं होतं, पट्टी नक्की आहे ना? गाणाऱ्याला विचारून घ्या.

"विचारायचं काय त्यात?" फिटर म्हणाला. "पांढरी पाच. जन्मभर त्याच पट्टीत गाते."

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. त्याने जुन्या तारा काढल्या, जिथे जाड हव्या तिथे जाड घातल्या, दांड्या एकेक करून उपसल्या, फेल्ट ब्लेडने असं कापलं की बाईंनाही मान्य करावं लागलं, शिंपीणबाईसुद्धा इतकं सरळ कापत नाहीत. सूर लावायला त्याच्यापाशी कान नव्हता, म्हणून लेकीने मोबाइलमध्ये सुई घालून दिली. तार छेडली की पडद्यावर सुई हलायची. सूर कमी असेल तर डावीकडे, जास्त असेल तर उजवीकडे, बरोबर असेल तर मधोमध हिरवी. फिटरला ते फार आवडलं. यंत्रावर त्याचा विश्वास होता. दुसऱ्यांचे कान पिळणारा बहिरा, अशी बाईंनी त्याची थट्टा केली. एकदा चढवताना तार तुटून त्याच्या गालावर सपकन बसली आणि रक्त आलं, तेव्हा बाई घाबरून उठायला गेल्या आणि त्यांना धाप लागली. त्यानंतर तो तारा चढवताना त्यांच्याकडे पाठ करून बसू लागला.

बाई पलंगावरून पाहत असायच्या. मधूनच त्या काहीतरी सांगायच्या बेतात असल्यासारख्या दिसायच्या. फिटर हात थांबवून ओठांकडे बघायचा. मग त्या म्हणायच्या, "काही नाही. दूध गार होतंय तुमचं."

रविवारी काम पुरं झालं. लेक आली होती. बाईंच्याने वाद्य मांडीवर पेलवत नव्हतं, म्हणून त्याने टेबल पलंगाला भिडवलं, बाईंच्या पाठीशी उशा रचल्या आणि स्वतः समोर खुर्चीवर बसला, ओठ दिसतील असा. बाईंनी दांडी दाबली आणि नख फिरवलं.

फिटरला ऐकू आलं.

नीट, स्वच्छ, भरून आलं. पाण्याने भरलेला हंडा सरकवावा तसा गोल, जड आवाज. त्याने घाईघाईने हात वर केला, थांब म्हणून, आणि मग पुन्हा हाताने सांगितलं, चालू दे. बाई वाजवू लागल्या आणि त्यांचे ओठ हलू लागले. दप्तर झालं, डबा झाला. फिटर ओठ वाचत होता आणि कानात तारा वाजत होत्या, आणि दोन्ही मिळून त्याच्या डोक्यात ते गाणं जसंच्या तसं उभं राहिलं. तो रडला. पुरुषासारखा पुरुष, पण लेकीदेखत खांदे गदगदवून रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती एकदम आत निघून गेली. तिलाही भरून आलं असणार, असं त्याला वाटलं.

मग रोज संध्याकाळी ते सुरू झालं. बाई थकलेल्या असल्या तरी एकदा म्हणायच्याच. फिटर जिन्यात भेटेल त्याला सांगू लागला की बाई पुन्हा गायला लागल्यात. शिंपीणबाईंना त्याने विचारलं, "ऐकू येतं ना भिंतीतून?" त्यांनी सुई तोंडात धरली होती, त्यांनी नुसती मान हलवली, ती होकाराची की कशाची ते फिटरने फार बघितलं नाही. सुखातला माणूस बारकावे बघत नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी बाईंना गाण्याच्या मध्येच उबळ आली. फिटर उठून पलंगावर त्यांच्या मागे बसला आणि पाठीवर तळहात ठेवून त्याने त्यांना सावरलं. उबळ गेली. बाईंनी, राहिलं ते पुरं करावं म्हणून, पुन्हा दांडी दाबली. समोरच्या आरशात त्यांचे ओठ हलताना त्याला दिसले. रडत आले ते हसत चला.

गिरणीत एवढ्या कल्लोळात कुणाच्या कानाचा काय उपयोग? मागाचं कुठलं बेअरिंग बिघडतंय, ते फिटर मागाच्या अंगावर हात ठेवूनच ओळखायचा. चालू यंत्राला हात लावला की ते सांगतं, मी चालतोय. बंद यंत्र काही सांगत नाही. त्याचा तळहात बाईंच्या पाठीवर होता, हाडं मोजता यावीत अशी पाठ, आणि त्या पाठीतून श्वास वरखाली होत होता. बाकी काही नव्हतं. आवाजाची थरथर नव्हती. ओठ शब्दामागून शब्द म्हणत होते आणि आत सगळं बंद होतं.

त्याने हात काढला नाही. गाणं संपेपर्यंत तो तसाच बसला, मग त्यांना नीट टेकवलं, पांघरूण ओढलं आणि स्वयंपाकघरात गेला. लेक ओट्याशी होती. त्याने दार लोटून घेतलं आणि त्याच्या हिशोबाने हळू, म्हणजे चारचौघांसारखं, विचारलं, "ती गात नाही ना?"

लेक आधी गाते की, असं म्हणायला गेली, मग थांबली. "बाबा, आईला त्या पट्टीत जमतच नाही. आवाज पार खाली गेलाय तिचा. घोगरा झालाय."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिली तार काढलीत त्याच्याही आधीपासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, हातातलं काम काढून घेतलं तर ते दिवसभर माझ्याकडे बघत बसतील."

फिटर भिंतीला टेकला. त्याला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. लेकीवर काढून उपयोग नव्हता. बाईंवर काढायचा तर त्या पलीकडे धापा टाकत पडल्या होत्या. खरं म्हणजे चूक उघड त्याचीच होती. बाईंचं बोलणं तो इतकी वर्षं ओठांवरून वाचत होता आणि डोक्यात त्यांना जुनाच आवाज देत होता. आजारी पडल्यावरसुद्धा त्याच्या डोक्यातल्या बाई त्याच फाटकापलीकडच्या, तरण्या आवाजात म्हणत होत्या, दूध गार होतंय तुमचं. छत्तीस तारांपुढे त्याने सुई धरली, एकेकीपुढे दहा-दहा वेळा धरली. बायकोच्या तोंडापुढे एकदाही धरली नाही. नवशिक्या पोराने माप न घेता लोखंड कापलं असतं तर त्याने त्याला उभा-आडवा घेतला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं तोंड पुसून झाल्यावर त्याने मोबाइल काढला, सुई लावली आणि त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"आ कर," तो म्हणाला. "डॉक्टरपुढे करतेस तसा नाही. गाण्यातला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यावर बालवाडीतली पोरं जशी बघतात तसं. "कुणी चुगली केली?"

"तुझ्या पाठीने."

त्या हसल्या, आणि हसण्याने खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाल्या, "नका हो. एवढं जीव तोडून केलंत. तुम्हाला ऐकू येतंय ना? मग झालं तर. माझं काय अडलंय त्यात?"

"तू नुसते ओठ हलवायचे आणि मी खुळ्यासारखं रडायचं?"

"ओठ हलवतानाही मी म्हणतच असते. आतल्या आत." मग दम घेऊन, "सगळ्या तारा खाली आणल्यात तर सैल पडतील. तुम्हाला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. महिन्याभराची मेहनत पाण्यात."

ते त्यालाही ठाऊक होतं. रात्रभर डोळा न लागता त्याने तेवढाच एक हिशोब केला होता. फेल्ट आता बदलायचं नाही, पण सगळ्याच तारा सारख्या मापाने खाली उतरवल्या तर दांड्या बरोबर काम करतात, पट्टी मात्र हवी तेवढी उतरते. फक्त ताण जातो. ताण गेला की भरलेपण गेलं. त्याच्या कानापर्यंत पोचणारं जे काही होतं, ते सगळं त्या ताणात होतं.

"गाणारी कोण?" त्याने विचारलं. "तू की मी?"

बाईंनी तोंड उघडलं. सुई डावीकडे पडली, आणखी डावीकडे, मग पडद्यावर खालच्या सुराचं नाव उमटलं आणि तिथे ती थरथरत राहिली. पांढरी पाच कुठल्या कुठे राहिली होती. फिटरने आकडा बघितला, पुन्हा एकदा करायला लावलं, पुन्हा बघितला. मग चावी घेऊन तो टेबलाशी बसला, आणि या खेपेला त्याने बाईंकडे तोंड केलं होतं.

चढवण्यापेक्षा उतरवणं सोपं, असं लोकांना वाटतं. तार हट्टी असते; एकदम सोडली की भरकटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकलेली असते. दोन दिवस तो सोडत होता, सुई बघत होता, पुन्हा सोडत होता. प्रत्येक फेरीत त्याच्या कानातून काहीतरी जात होतं. पहिल्या दिवशी हंडा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नख फिरवलं आणि तारा हलताना दिसल्या, नुसत्या दिसल्या. जाड तारा तर फळीला लागत असाव्यात, कारण लेकीने कान टवकारून तोंड वाकडं केलं. "खरखरतंय," ती म्हणाली. "राहू द्या," म्हणाली, "आईला आता एवढा दमही नाही." त्याने तिच्या ओठांवरची नजर काढून घेतली, म्हणजे पुढचं ऐकावं लागू नये. बहिरेपणाचा एवढा एक फायदा त्याला आयुष्यात मिळाला होता.

संध्याकाळी बाईंना जरा बरं वाटत होतं, असं त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरून तसं काही दिसत नव्हतं. ओठ काळसर झाले होते आणि दोन वाक्यांमध्ये त्या डोळे मिटत होत्या. लेक म्हणाली, उद्या बघू. फिटर म्हणाला, उद्या कशाला? आणि त्याने टेबल भिडवलं. समोरची खुर्ची मात्र त्याने घेतली नाही. चपला काढून तो पलंगावर चढला, बाईंच्या मागे बसला, उशांच्या जागी स्वतःला ठेवलं आणि त्यांच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, तळहात टेकवला. आरसा लेकीला सांगून त्याने पालथा घालायला लावला होता. ओठ बघायचे नव्हते.

बाईंचं बोट दांडीवर गेलेलं त्याला खांद्यावरून दिसलं. नख तारांवरून फिरलं. काही नाही. खोलीत बाहेरून गाडी गेली असेल, शिंपीणबाईंचं मशीन थांबलं असेल, त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. तळहाताखाली श्वास आत गेला, भरला, थांबला. आणि मग पाठ थरथरू लागली.

आधी बारीक, तुटक. मग जरा लागून आली, खोलवरून, हाडांतून. ती कशी लागते आहे, गोड की भसाडी, सुरात की बेसूर, ते त्याला कळायचा काही मार्ग नव्हता. दारात उभ्या लेकीने पदरासारखा ओढणीचा शेव तोंडावर धरला होता, म्हणजे फार काही चांगली लागत नसावी. शिंपीणबाई येऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या होत्या, हातात कुणाचं तरी अर्धं शिवलेलं पोलकं. फिटर त्यांच्याकडे बघत नव्हता. एक ओळ झाली की थरथर थांबायची, श्वास धडपडत आत जायचा आणि पुन्हा थरथर सुरू व्हायची. डबा झाला. कोण आला. तो ओळी मोजून चालला होता. तिसऱ्या ओळीला फार वेळ लागला. चौथी निम्मीच आली, तिथे थरथर विरली आणि बाईंचा हात तारांवरून घसरून टेबलावर पडला. डोकं मागे, त्याच्या खांद्यावर आलं.

थोड्या वेळाने लेक जवळ आली, वाकून तिने आईचा चेहरा बघितला, आणि वडिलांना दिसेल असं समोर येऊन म्हणाली, "बाबा, झोपली ती. गाणं संपलं."

"ठाऊक आहे मला," फिटर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतका हळू बोलला की लेकीला पुढे झुकावं लागलं. "तू टेबल सरकव जरा."

तिने ऑटोहार्प उचलून खिडकीत ठेवला, टेबल सरकवलं आणि बाईंचे पाय पांघरुणात घेतले. आता त्यांना आडवं करा म्हणून तिने खूण केली. फिटरने मान हलवली, पण हात पाठीवरून काढला नाही. खाली श्वास चालू होता, अडखळत, मध्येच थांबत. प्रत्येक वेळी तो थांबला की फिटरही आपला श्वास धरून बसायचा.